राजकीय वादात बाजू घेणारा माणूस न्यायी असू शकतो का?

कोरा कागद

राजकारणावर बोलताना "मी कुठल्याच पक्षाचा नाही" असं सुरुवातीलाच जाहीर करणारा माणूस भेटला की मी सावध होतो. उघडपणे एखाद्या पक्षाची बाजू घेणारा मला परवडतो, कारण तो कुठून बोलतोय हे निदान कळतं. बाजू घेण्याला माझी काहीच हरकत नाही. माणूस पाहून नियम बदलण्याला आहे.

उदाहरण देऊनच बोलतो. मे २००५. बिहारमध्ये फेब्रुवारीच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. नितीशकुमार आमदारांची जुळवाजुळव करून सरकार बनवतील अशी चिन्हं दिसू लागली आणि राज्यपाल बुटासिंग यांनी विधानसभा बरखास्तीची शिफारस केली. कारण दिलं घोडेबाजाराचं. केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचं यूपीए सरकार होतं. रातोरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, राष्ट्रपती अब्दुल कलाम तेव्हा मॉस्कोत होते, तिथून त्यांची सही मागवली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं ही बरखास्ती घटनाबाह्य ठरवली.

आता अरुणाचल प्रदेश. केंद्रात भाजपच्या नेतृत्वाखालचं एनडीए सरकार. सत्ताधारी काँग्रेसमध्ये फूट पडली, आणि राज्यपाल राजखोवा यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता विधानसभेचं अधिवेशन जानेवारी २०१६ वरून डिसेंबर २०१५ मध्ये ओढलं. त्यातून पेच वाढला, राष्ट्रपती राजवट आली. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यपालांचा निर्णय रद्द केला आणि नबाम तुकी यांचं सरकार परत बसवलं.

दोन वेगवेगळे पक्ष, राजभवनाचा वापर मात्र सारखाच, आणि न्यायालयाचे फटकेही दोघांना. तरी राजकारणावर तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना यातली एकच घटना आठवते. दुसरी आठवण करून दिली की लगेच "तिथली परिस्थिती वेगळी होती" सुरू होतं. परिस्थिती थोडीफार वेगळी असतेच. पण ती वेगळी आहे हे आपल्याला नेमकं आपल्याच पक्षाच्या वेळी कसं सुचतं?

म्हणून विचारतो. बाजू घेऊनही हे टाळता येतं का? की पक्ष स्वीकारला की हे ओघानं येणारच?

टाकणखार

येणारच. आणि त्याचं एवढं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या पत्रात पक्षबाजीपासून सावध राहायला सांगितलं होतं. तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या माणसांनी दोन तट उभे केले होते. त्याच्याही आधी, १७७० मध्ये, ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी पक्षाची बाजू मांडली ती मला जास्त पटते. एका तत्त्वावर एकमत झालेल्या माणसांनी देशाच्या हितासाठी एकत्र येऊन काम करणं, हा त्यांच्या लेखी पक्ष. एकेकटा सज्जन माणूस संघटित दुर्जनांपुढे टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं आजही खोटं ठरलेलं नाही.

मतदाराकडे वेळ थोडा असतो. प्रत्येक विधेयक, प्रत्येक कंत्राट, प्रत्येक नेमणूक तो वाचू शकत नाही. पक्ष त्याला सांगतो की आम्ही साधारण या दिशेनं जाणार, जमलं नाही तर आम्हाला घरी पाठवा. पक्षनिष्ठा नसेल तर जाब विचारायचा कुणाला? १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका समितीनं तक्रार केली होती ती हीच की आपले पक्ष फार ढिले आहेत, त्यांच्यात पुरेसा फरकच नाही, मतदारानं निवडायचं काय? आज त्या देशाची तक्रार नेमकी उलटी आहे, हे मान्य. पण ढिल्या पक्षांचाही त्रास होतो, हे विसरू नका.

आणि एक स्पष्ट बोलतो. कुठल्याही निकालानं ज्याच्या ताटात काही फरक पडत नाही, त्यालाच निःपक्षपणा परवडतो.

पाणवठा

टाकणखार यांच्या शेवटच्या वाक्याला +१. तिथूनच पुढे लिहिते.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळानं बोले ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं न्याय्य झालं. प्रत्यक्षात तळ्याचं पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि ते घेतल्यावर लोकांनी मार खाल्ला. त्यानंतर दावा, मनाई, सुनावण्या. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूनं लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं.

त्या दहा वर्षांत "दोन्ही बाजूंचं ऐकून घ्या, घाई करू नका, भावना समजून घ्या" असं सांगणाऱ्यांची कमी नसणार. ती माणसं स्वतःला समतोल समजत असतील. पाण्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्या समतोलाचा उपयोग काय? तळं ज्याच्या ताब्यात आहे त्याला जैसे थे चालतंच. त्यामुळे मधे उभं राहणं म्हणजे त्याच्याच बाजूला उभं राहणं.

राजकीय चर्चेत "निःपक्ष राहा" हा सल्ला कुणी, कुणाला आणि कुठल्या वेळी दिला, हे मी आधी बघते. माझ्या अनुभवात तो फार वेळा खालच्याला वरचा देतो.

कोरा कागद

पाणवठा, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर मी मधे उभं राहण्याला न्यायीपणा म्हणत नाहीये. आणि मला काय हवंय त्याचा सगळ्यात चांगला नमुना मला बाबासाहेबांकडेच सापडतो.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेसाठी त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मसुदा वाचून मंडळ बिचकलं आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींचे ते टीकालेख त्याच पुस्तकात परिशिष्ट म्हणून जोडले, आणि त्यानंतर स्वतःचं उत्तर छापलं.

उत्तर मवाळ नाही. त्यात कुठेही "दोघांचंही थोडं बरोबर" असा सूर नाही. ज्यानं ते पुस्तक हातात घेतलं त्याला बाबासाहेबांची बाजू कोणती याबद्दल क्षणभरही शंका येत नाही. पण विरोधकाचं म्हणणं विरोधकाच्याच शब्दांत वाचकापुढे आहे. मोडतोड करून, सोयीचं एखादं वाक्य उचलून ठेवलेलं नाही. वाचकानं दोन्ही वाचावं आणि ठरवावं.

इतकी ठाम बाजू आणि इतका स्वच्छ व्यवहार एकाच माणसात असू शकतो. मग आज एखाद्या नेत्याच्या तासाभराच्या भाषणातले सहा सेकंद कापून फिरवणाऱ्यांना "बाजू घेतली की असं होणारच" ही सबब आपण का द्यायची?

गणिती

या विषयावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी जुनं. १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलचा एक फार धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्या बाजूच्या खेळाडूचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. म्हणजे मत बनवण्याच्या आधी, बघण्यातच फरक पडला होता.

मग १९७९. लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक गोळा केले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले, एक फाशीमुळे खून कमी होतात असं सांगणारा, दुसरा उलटं सांगणारा. प्रत्येकानं आपल्या मताचा अभ्यास "पद्धत चांगली आहे" म्हणून उचलला आणि दुसऱ्यातल्या त्रुटी बारकाईनं शोधल्या. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून माणसं जवळ यायला हवीत ना? ती आणखी लांब गेली.

इथपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, आणि "माणूस असाच आहे" म्हणून सोडून दिलेलं असतं. पण १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी हाच प्रयोग पुढे नेला. एका गटाला सांगितलं की शक्य तितके निःपक्ष राहा, न्यायाधीशासारखे वागा. दुसऱ्या गटाला निःपक्ष वगैरे काही सांगितलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा निघाला असता तर मी तिला हेच गुण दिले असते का?

पहिल्या गटावर सूचनेचा काही परिणाम झाला नाही. ती माणसं प्रामाणिकपणे निःपक्ष राहिली होती, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. दुसऱ्या गटात मात्र झुकाव दिसेनासा झाला.

म्हणून मला वाटतं की "निःपक्ष व्हा" हे आवाहन करण्यात आपण शक्ती वाया घालवतो. प्रत्येकाला आपण आधीच निःपक्ष आहोत असं वाटतं, त्यामुळे ते आवाहन शेजाऱ्यासाठी आहे असंच तो समजतो. प्रश्न ठोस हवा. धागाकर्त्यानं बिहार आणि अरुणाचल शेजारी ठेवले, ती याच जातीची कृती आहे.

निवृत्त गुरुजी

गणिती यांनी सांगितलेला प्रयोग मी मतमोजणीच्या टेबलावर प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून लिहितो. मतपत्रिकांचा काळ. आम्हा शिक्षकांना मोजणीची ड्युटी ठरलेलीच असे.

मोजताना काही मतपत्रिका बाजूला पडत. कुणाचा फुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर बसलेला. कुणी एकाच चिन्हावर दोनदा शिक्का मारलेला. आणि सगळ्यात जास्त भांडणं घडीच्या ठशावरून. शाई ओली असताना घडी घातली की शिक्क्याचा दुसरा, फिकट ठसा भलत्याच चिन्हावर उमटे. तो आरशातल्यासारखा उलटा असतो, त्यामुळे फुलीची टोकं कुठल्या दिशेला वळली आहेत हे नीट पाहिलं तर खरा कुठला आणि उमटलेला कुठला हे कळतं. नियमही स्पष्ट होता. मतदाराचा हेतू कागदावरून उघड दिसत असेल, तर शिक्का पुसट आहे किंवा दोनदा मारलाय एवढ्यावरून मत बाद करायचं नाही.

एका मोजणीत एका उमेदवाराचा प्रतिनिधी माझ्या अगदी समोर, जाळीला चिकटून उभा होता. त्याच्या उमेदवाराच्या चिन्हावर दोन शिक्के असलेली पत्रिका आली. "साहेब, हेतू उघड आहे, एकाच माणसाला द्यायचंय म्हणून दोनदा मारलंय." बरोबर होतं त्याचं. थोड्या वेळानं तशीच पत्रिका समोरच्या उमेदवाराची आली. तोच माणूस, तोच आवाज. "दोन शिक्के म्हणजे बाद, नियम म्हणजे नियम." तो खोटं बोलत होता असं मला त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. दोन्ही वेळा त्याला मनापासून तसंच वाटत होतं. दुसऱ्या बाजूचा प्रतिनिधीही त्याच वाटेनं चालला होता, फक्त उलट्या क्रमानं.

निवडणूक निर्णय अधिकारी अनुभवी होते. त्यांनी संशयास्पद पत्रिकांचे उमेदवारांनुसार गठ्ठे केले नाहीत, दोषानुसार केले. दोन शिक्क्यांचा एक, रेषेवरच्यांचा एक, घडीच्या ठशांचा एक. पत्रिका पालथ्या ठेवल्या, दोन्ही प्रतिनिधींना बोलावलं आणि आधी विचारलं, "एकाच चिन्हावर दोन शिक्के असतील तर काय करायचं, बोला." कोणाची पत्रिका आहे हे माहीत नसल्यावर दोघेही एका मिनिटात नियमावर आले. मग पत्रिका सुलट केल्या. कुरकुर झाली, पण भांडण झालं नाही.

त्या दोघांपैकी कुणालाही आपला पक्ष सोडावा लागला नाही.

सांजवेळ

गुरुजी, हे वाचून बरं वाटलं. आधी नियम ठरवायचा आणि मग नाव पाहायचं, हे टीव्हीवरच्या चर्चेत एकदा तरी व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

माझी काळजी वेगळी आहे. न्यायीपणाच्या नावाखाली जो खोटा समतोल येतो त्याची. एका खुर्चीत आयुष्यभर विषय अभ्यासलेला माणूस, दुसऱ्या खुर्चीत आदल्या रात्री मत बनवलेला माणूस, दोघांना सारखी मिनिटं, म्हणजे झाला न्याय? बीबीसी ट्रस्टनं २०११ मध्ये आपल्या विज्ञानाच्या बातम्यांचा आढावा घेतला तेव्हा प्राध्यापक स्टीव्ह जोन्स यांनी यावरच बोट ठेवलं होतं. हवामानबदलासारख्या विषयात, जिथे शास्त्रज्ञांचं जवळपास एकमत आहे तिथे, समतोल राखायच्या हौसेनं किरकोळ मतांना नको इतकी जागा मिळत होती.

अमेरिकेत १९४९ पासून रेडिओ-टीव्हीवर नियमच होता, वादाच्या सार्वजनिक विषयांना जागा द्या आणि विरोधी बाजूही दाखवा. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला, १९८७ मध्ये नियामक आयोगानंच काढून टाकला. काढल्यावर एकतर्फी बोलणाऱ्यांचा सुळसुळाट झाला हे खरं. पण नियम असताना काही वाहिन्या वादाचे विषयच टाळत, कटकट नको म्हणून, अशीही तक्रार होती. मिनिटं मोजून न्याय मिळत नाही, एवढंच त्यावरून मी शिकले. पुरावा मोजायला हवा, आणि ते काम मिनिटं मोजण्याहून खूप अवघड आहे.

लाल दिवा

व्यक्तीच्या मनावर फार भर दिला जातोय. व्यवस्थेबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी त्यांना हटवण्याचा ठराव आणला. नेहरूंनी ठरावावर कडक टीका केली, पण आपल्या पक्षाच्या खासदारांना हेही सांगितलं की तुमच्यावर व्हीप नाही, वाटेल तसं मत द्या. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डी अध्यक्ष झाले आणि त्यांनी पक्षाचा राजीनामा दिला. ब्रिटनमध्ये ही जुनी रीत आहे, आपल्याकडे ती रुजली नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकारच्या विश्वासमताच्या वेळी गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. त्यांनी मत द्यावं का? अध्यक्ष बालयोगी सरकारला पाठिंबा देणाऱ्या तेलुगू देसमचे होते. त्यांनी गमांग यांना रोखलं नाही, निर्णय त्यांच्या सदसद्विवेकावर सोडला. सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं.

जुलै २००८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं यूपीए सरकारचा पाठिंबा काढला आणि लोकसभा अध्यक्ष असलेल्या आपल्या सोमनाथ चटर्जींना अध्यक्षपद सोडायला सांगितलं. त्यांनी सोडलं नाही, विश्वासमताचं कामकाज चालवलं, आणि लगेच पक्षातून काढले गेले.

म्हणजे या खुर्चीत बसून न्यायानं वागणं जमतं, पण किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायची की नाही हे प्रत्येक माणसाच्या हिमतीवर सोडलेलं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तर आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निवाडाच अध्यक्षांकडे दिला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा टिकवला, पण अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी म्हटलं होतं की ज्याचं पद बहुमतावर टिकून आहे तो स्वतंत्र न्यायाधिकरण कसा? २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयानं संसदेला सुचवलं की हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देता येईल का बघा. अजून सगळं तिथंच आहे. मोह होईल अशी जागा तयार करायची आणि मग माणसाच्या सचोटीवर लेख लिहायचे, हे मला पटत नाही.

टाकणखार

लाल दिवा, चटर्जींच्या उदाहरणावर थांबा. त्यांच्या पक्षाच्या बाजूनंही बघा. ते पक्षाच्या तिकिटावर, पक्षाच्या मतांवर निवडून आले. पक्ष सरकारचा पाठिंबा काढून घेत असताना त्यांनी वेगळं ठरवलं. लाखो मतदारांनी पक्षाला दिलेलं मत त्यांनी स्वतःच्या विवेकासाठी खर्च केलं, असं कुणी म्हटलं तर तुम्ही त्याला अन्यायी म्हणाल?

लाल दिवा

म्हणणार नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे. पण मग तोच प्रश्न बालयोगींनाही लावा. तुम्ही त्यांना शाबासकी आणि चटर्जींना दोष देत असाल किंवा त्याच्या उलट करत असाल, तर कारण सांगावं लागेल. आणि त्या कारणात पक्षाचं नाव येता कामा नये.

शेंडेफळ

आपल्याकडे मतभेदाची केवढी थोर परंपरा होती. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये एकत्र डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवस राहिले. पुढे सामाजिक सुधारणेवरून फाटलं, आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. तरी १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. गोखल्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही टिळक त्यांच्याबद्दल किती गौरवानं बोलले. तो मोठेपणा आज कुठे गेला?

आडवाट

शेंडेफळ, तुमची कळकळ पोचली, पण तो काळ इतका गुलाबी नव्हता. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये मंडपात जोडा भिरकावला गेला, तो फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागला, मग खुर्च्या आणि काठ्या चालल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरचे लेख वाचा, भाषा जहाल आहे.

आणि मेल्यावर गौरव करणं हे मोजमाप धरायचं का? आगरकर जिवंत असताना त्यांचा युक्तिवाद वाचकांपर्यंत नीट पोचवला गेला का, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या काळातलं काही घ्यायचंच तर दोघांनी एकमेकांच्या मुद्द्यांना मुद्द्यानं उत्तर देण्यात जे कष्ट घेतले, ते घेऊ. आज तेवढे कष्टही कुणी घेत नाही.

महाराष्ट्रातलंच नंतरचं बघा. १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादांच्या सरकारमधून बाहेर पडले आणि पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये फडणवीस आणि अजित पवारांचा सकाळी सकाळी शपथविधी, पाठोपाठ महाविकास आघाडी. जून २०२२ मध्ये शिंदे, जुलै २०२३ मध्ये पुन्हा अजित पवार. यातल्या प्रत्येक घटनेला कुणी विश्वासघात म्हणतं, कुणी मुत्सद्देगिरी. मला असा माणूस हवाय जो सगळ्यांना एकच कसोटी लावेल. मतदारांना निवडणुकीत काय सांगितलं होतं आणि नंतर काय केलं? कसोटी दुसरी घ्या हवं तर. पण सगळ्यांना तीच.

वकीलबाई

माझ्या व्यवसायात पक्षपात हेच काम आहे. अशिलाची बाजू मांडण्याचे पैसे मी घेते. तरी तिथे न्याय होऊ शकतो, कारण दोन्हीकडून कुणीतरी बोलतं, वर ऐकणारा तिसरा बसलेला असतो, आणि मला काही बंधनं असतात. पुराव्यात फेरफार करायचा नाही. माझ्या विरोधात जाणारा बंधनकारक निकाल माहीत असताना तो दडवून कोर्टाची दिशाभूल करायची नाही. साक्षीदाराला उलटतपासणीसाठी समोरच्याच्या हवाली करायचं.

राजकीय वादात पहिली गोष्ट आहे, दुसरी म्हणजे मतदार, तोही आहे. तिसरी गायब आहे. तिथे बोलणाऱ्याला पुराव्याचं कसलंच बंधन वाटत नाही. त्यामुळे मी कुणाला पक्ष सोडायला सांगणार नाही. दडवू नका, एवढंच सांगेन. तुमच्या बाजूला अडचणीची ठरणारी जी मोठी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, ती तुम्हीच आधी सांगा आणि मग तरीही माझी बाजू का बरोबर हे मांडा. कोर्टात अनुभवी वकील हेच करतात, कारण ती गोष्ट समोरच्यानं काढली तर जास्त लागते.

कार्यकर्ता

सगळे प्रतिसाद वाचले. तुम्ही सगळे बाहेरून बोलताय, मी आतून बोलतो. एका पक्षाचं बूथचं काम करतो. कुठला पक्ष ते सांगत नाही, कारण सगळीकडे हेच आहे.

मागच्या निवडणुकीत आमच्या गटात एक व्हिडिओ आला. विरोधी उमेदवाराच्या सभेत मारामारी, असा. मी बघितला तर मागे दुकानांच्या पाट्या वेगळ्याच लिपीत. व्हिडिओ आपल्या राज्यातला नव्हताच. मी गटात लिहिलं की हा आपल्याकडचा नाही, पुढे पाठवू नका. दोन मिनिटांत उत्तर आलं, "तू कुणाच्या बाजूचा?" दुसऱ्यानं लिहिलं, "ते आपल्याबद्दल काय काय पसरवतात तेव्हा तू कुठे असतोस?" पुढच्या बैठकीत मला खुर्ची होती, पण कुणी बोललं नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. समोरचा खोटं पसरवतोय, आम्ही खरं सांगत बसायचं, आणि हरायचं? हरल्यावर पाच वर्षं आमच्या वस्तीचं पाणी, रस्ता, दाखले, सगळं अडतं. न्यायी वागण्याची किंमत मी एकट्यानं दिली असती. ती माझ्या लोकांनी का द्यायची?

पाणवठा

कार्यकर्ता, तुमचा प्रश्न इथला सगळ्यात खरा प्रश्न आहे. मी त्याच वस्तीतून आलेय, म्हणून सांगते. आमच्याबद्दल आजवर जे पसरवलं गेलं त्याला आम्ही तसंच उत्तर द्यायला गेलो असतो तर कधीच पुरे पडलो नसतो. खोटं पसरवण्याची यंत्रणा कायम पैसेवाल्याकडे मोठी असते. आमच्याकडे होते ते कागद, ठराव, साक्षी, कोर्टाचे निकाल. कमजोर माणसाला खऱ्याची गरज जास्त असते. खऱ्याला किंमतच उरली नाही तर आपल्याकडे दुसरं काय आहे?

तरी एक आहे. खरं सांगणं म्हणजे गप्प बसणं असा अर्थ कुणी काढू नये. विरोधकाचं जे खरोखर चुकलंय त्यावर तुटून पडा. तिथे सौम्य व्हायची काही गरज नाही.

गणिती

कार्यकर्ता यांना एक भर. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याबद्दल अफवा उठली होती, म्हाताऱ्यांनी जगायचं की नाही हे सरकारी मंडळं ठरवणार अशी. राज्यशास्त्रज्ञ ॲडम बेरिन्स्की यांनी तपासलं की ही अफवा कुणी खोडली तर लोक मानतात. तज्ज्ञांनी, ओबामांच्या पक्षानं, की विरोधी रिपब्लिकन पक्षाच्याच माणसानं? रिपब्लिकन माणसानं खोडली तेव्हा ती सगळ्यात जास्त लोकांनी सोडून दिली. ज्याचा त्या अफवेत फायदा होता त्यानंच ती नाकारली, म्हणून.

तुमच्या गटातला तो व्हिडिओ खोटा आहे हे मी ओरडून सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. तुमचं ऐकणारे दोन-चार असतील, गटात बोलले नसले तरी. त्यामुळे पक्षात राहून हे करणारी माणसं हवीत. माझ्यासारख्या बाहेरच्याच्या हातात ते नाही.

टाकणखार

हे मला पटलं. पक्ष सोडून न्यायी होणं त्या मानानं सोपं आहे, त्याचा उपयोगही कमी. मात्र कार्यकर्त्यावर सगळं ओझं टाकू नका. खोटं सापडलं तर पक्षानंच ते मागे घ्यायचं, असा नियम पक्षाच्या आत हवा. आज एकाही मोठ्या पक्षाला त्याची लाज वाटत नाही, कारण आपण मतदार त्यासाठी कुणाला शिक्षा करत नाही.

कार्यकर्ता

पुढच्या महिन्यात आमची तालुक्याची बैठक आहे. गटात काहीही टाकण्याआधी दोघांनी बघायचं, जागा आणि तारीख तपासायची, असा विषय मांडणार आहे. मी न्याय वगैरे बोलणार नाही, तिथे ते कुणाला पटणार नाही. वकीलबाईंनी सांगितलंय तसं सांगेन, उद्या समोरच्यानं हे उघडं पाडलं तर आपली खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही. दोघेजण तयार आहेत माझ्याबरोबर बोलायला. गुरुजी, तुमच्या त्या पालथ्या पत्रिकांची गोष्ट तिथे सांगितली तर चालेल ना?

निवृत्त गुरुजी

जरूर सांगा. आणि बैठकीत विषय फेटाळला गेला तरी इतिवृत्तात नोंदवून घ्या. नोंद असली की पुढच्या वेळी तिथून सुरुवात करता येते.